वीसएक आणि एकवीस

हिशेबनिसाच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. वर्षअखेरीस तेरीज जुळली नाही, की दोन बाजूंतला फरक आधी नऊने भागून पाहायचा. पूर्ण भाग गेला, तर बहुधा कुठेतरी अंकांची अदलाबदल झालेली असते. ६३ च्या जागी ३६ किंवा ८२ च्या जागी २८ लिहिले गेलेले असते. दोन अंकी संख्येतले अंक उलटे केले की होणारा फरक नऊच्याच पटीत येतो, हे त्यामागचे गणित. मी डोंबिवलीत सव्वीस वर्षे लहानसहान कारखान्यांचे हिशेब लिहिले. शिक्षणशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. पाठ्यपुस्तके जमवायची आणि जुन्या आवृत्त्या नव्यांशी ताडून पाहायच्या हा छंद मात्र जडला तो या नऊच्या युक्तीमुळेच. कारण एक गोष्ट वारंवार जाणवत असे. बिलावरून उतरवून घेतलेल्या रकमांत अशी उलटापालट क्वचित होई. कुणी मराठीत तोंडी सांगितलेल्या रकमांत मात्र ती अधिक होई. समोरचा माणूस 'त्रेसष्ठ' म्हणाला की कान आधी तीन ऐकतो आणि हात तीन लिहायला धावतो. तोच माणूस 'सिक्स्टी थ्री' म्हणाला की हात सहावर जातो. ही एका कारकुनाची आठवण आहे, मोजदाद नव्हे. पण २०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून गदारोळ उठला, तेव्हा मला पहिल्यांदा ती तेरीज आठवली.

वाचकांना तो वाद आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात एकवीसपासून पुढच्या संख्या 'वीस एक', 'वीस दोन', 'तीस पाच' अशाही वाचायला शिकवल्या होत्या. वर्तमानपत्रांतून अग्रलेख आले, वाहिन्यांवर चर्चा झाल्या, प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला आणि तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या आडनावातला 'वीस' फोडून विनोदही झाले. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी शांतपणे उत्तरे दिली. जुनी नावे काढून टाकलेली नाहीत, दोन्ही पद्धती दिल्या आहेत. सत्त्याण्णवसारखी जोडाक्षरांनी भरलेली नावे लहान मुलांना अवघड जातात. इंग्रजीत आणि दक्षिणेच्या भाषांत दशक आधी आणि एकक नंतर बोलतात, त्यामुळे ऐकलेले आणि लिहिलेले यांचा क्रम एकच राहतो. असे त्यांचे म्हणणे होते. 'गणितगप्पा' आणि 'गणिताच्या सोप्या वाटा' लिहिणाऱ्या या बाईंना मुलांच्या अडचणी ठाऊक नव्हत्या, असे त्यांचे विरोधकही म्हणू शकले नसते. तरीही त्यांच्या वाट्याला टवाळी आली. २०२३ मध्ये त्या गेल्या. तो वादही त्याआधीच विस्मरणात गेला होता. त्यात मराठीच्या बाजूने बोलणारे आणि गणिताच्या बाजूने बोलणारे, दोघेही एक गोष्ट नजरेआड करत होते, असे मला आता वाटते. तेवढ्यासाठीच हा विषय पुन्हा काढतो आहे.

आधी अडचण नीट पाहू. मराठीत शंभरापर्यंत मोजायचे तर जवळजवळ शंभर स्वतंत्र शब्द पाठ करावे लागतात. 'दोन' हा अंक घ्या. तो बावीसमध्ये 'बा' होतो, बत्तीसमध्ये 'ब', बेचाळीसमध्ये 'बे', बावन्न, बासष्ठ, बाहत्तरमध्ये पुन्हा 'बा' आणि ब्याऐंशी, ब्याण्णवमध्ये 'ब्या'. वीस ते शंभर या पल्ल्यात 'दोन' या रूपात तो एकदाही भेटत नाही. सहाची तऱ्हा याहून न्यारी: सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ठ, शहात्तर. दशकेही वेष पालटतात. पन्नासचे कधी 'वन्न' होते, कधी 'पन्न'. साठचे 'सष्ठ', सत्तरचे 'हत्तर', नव्वदचे 'ण्णव'. या सगळ्याला भाषेचा इतिहास आहे. संस्कृतातल्या द्वाविंशति, द्वापञ्चाशत्, द्वाषष्टि यांतला 'द्वा' प्राकृतात 'बा' झाला आणि तोच आपल्याकडे आला. आपला 'दोन' प्राकृताच्या दुसऱ्या रूपातून आला. म्हणजे बावीस आणि दोन हे चुलतभाऊ; एकाच घरातले, पण चेहरा वेगळा. भाषेच्या अभ्यासकाला यात आनंद आहे. सात वर्षांच्या मुलाला मात्र यात काही आधार दिसत नाही.

आणि मग 'एकोण'. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद असे आठ शब्द. एक ऊन, म्हणजे एकाने कमी. वजाबाकीचा धडा यायच्या आधीच मुलाला हे आठ शब्द पाठ करावे लागतात आणि प्रत्येकात एकेक वजाबाकी दडलेली असते. नव्व्याण्णव तेवढा या रांगेबाहेर उभा राहतो. आमच्या इमारतीतल्या दुसरीतल्या एका मुलीला मी एकदा 'एकोणसाठ' लिहायला सांगितले. तिने ६९ लिहिले. चूक काढण्याआधी विचारले, असे का? तिचे उत्तर तयार होते: "एकोण म्हणजे नऊ आणि साठ म्हणजे सहा." तिने स्वतःचा नियम बसवला होता आणि तो निम्मा बरोबर होता. 'एकोण' ऐकला की शेवटी नऊ येतो, हे तिला कुणी न शिकवता कळले होते. दशक एकाने मागे घ्यायचा, एवढीच गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. मोठी माणसे तिला निष्काळजी म्हणाली असती.

तेव्हा अडचण खरी आहे. ती केवळ आपलीच आहे असेही नाही. जर्मन भाषेतही एकक आधी आणि दशक नंतर बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांना संख्या ऐकून लिहायला सांगितल्या, तेव्हा त्यांच्या चुकांपैकी जवळपास निम्म्या या उलटापालटीशी निगडित होत्या, असे तिथल्या अभ्यासकांनी २००९ मध्ये दाखवले. चेक भाषेत दोन्ही पद्धती शेजारीशेजारी चालतात. तिथे त्याच मुलांनी 'एक-आणि-वीस' या पद्धतीत उलट्या चुका अधिक केल्या आणि 'वीस-एक' या पद्धतीत कमी. चीन आणि अमेरिका इथल्या शाळेत न गेलेल्या मुलांची तुलना १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. दहापर्यंत मोजण्यात दोघे बरोबरीने होते. चिनीत 'दहा-एक, दहा-दोन' सुरू होते त्या अकरापासून अमेरिकी मुले मागे पडू लागली. अगदी राज्यकर्त्यांनी ठरवून बदल केल्याचेही उदाहरण आहे. नॉर्वेत टेलिफोन खात्याच्या मागणीवरून १९५१ मध्ये 'एक-आणि-वीस' सोडून 'वीस-एक' म्हणायचे ठरले. शाळा आणि नभोवाणी दोन्हींकडे ते लागू झाले. त्यानंतरच्या अनेक दशकांतही पुष्कळ नॉर्वेजियन माणसे दोन्ही पद्धती मिसळून बोलत राहिली. फोन जोडून देणाऱ्या मुलींच्या कानांना होणारा त्रास पंतोजींच्या आधी सरकारला कळला, ही गंमतच.

इथे एक इशाराही नोंदवायला हवा, कारण तो उत्साही सुधारकांच्या लेखांत मला सहसा दिसला नाही. वेल्स भाषेत जुनी पद्धत विसाच्या आधाराची आहे. एकविसाला 'विसावर एक' म्हणतात. शाळेत आता 'दोन दहा एक' अशी सरळ पद्धत शिकवतात आणि वय, तारीख, घड्याळ यांना जुनी पद्धत अजून चालते. वेल्स माध्यमातल्या आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलांची २००८ मध्ये तुलना झाली, तेव्हा वेल्स मुले दोन अंकी संख्या वाचण्यात आणि त्यांतली मोठी-लहान ओळखण्यात सरस ठरली. एकूण अंकगणितात मात्र फारसा फरक दिसला नाही. म्हणजे सोप्या नावांनी एक दार सोपे होते, पुढचे घर होत नाही. 'मराठी मुले गणितात मागे का' या प्रश्नाचे सगळे खापर बिचाऱ्या बावीस-तेविसांवर फोडता येणार नाही.

आता उपायाकडे. 'वीस एक' या शब्दरूपाला मराठीत आधीच एक नोकरी आहे, हे पुस्तक करणाऱ्यांच्या ध्यानात कसे आले नाही, याचे मला आजही नवल वाटते. 'लग्नाला वीसएक माणसे होती', 'पन्नासएक रुपये सुटे असतील तर द्या', 'शंभरएक नारळ लागतील'. इथे 'एक' म्हणजे सुमारे. मराठी माणूस 'वीसएक' म्हणाला की त्याला नेमके एकवीस म्हणायचे नसते. नेमके सांगायचे टाळायचे असते. गणितात ज्या शब्दाने नेमकेपणा शिकवायचा, तोच शब्द घरी अंदाजाचा. दुसरीतले मूल हा घोळ घेऊन घरी आले तर आजीने काय समजावे? खेडोपाडी शाळा न शिकलेली माणसे 'तीन विसा साठ, पाच विसा शंभर' असे मोजत आली आहेत, बाजारात कोडी अजून चालते. मराठीत मोजण्याची एकच रीत कधीच नव्हती. दुसरी रीत आणण्याला माझा तत्त्वतः विरोध नाही. पण आणायची तर भाषेत जी जागा मोकळी आहे तिथे आणावी. अशी मोकळी जागा शाळेतच होती. एकक-दशकाच्या धड्यात '२ दशक १ एकक' असे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले जाते. 'दोन दशक एक' म्हटले तर 'सुमारे वीस'शी टक्कर होत नाही, क्रम लिहिण्याचाच राहतो, जोडाक्षरही नाही आणि घरातल्या कुणाला ते परके वाटत नाही. वेल्स शाळांनी केले ते हेच.

पण मला खटकते ते याहून मोठे आहे. सगळ्या वादात संख्यानावे जणू आकाशातून पडली आणि मुलांनी ती नुसती घोकून पाठ करायची, असे दोन्ही बाजू धरून चालल्या होत्या. एक बाजू म्हणाली, आम्ही घोकली, तुम्हीही घोका. दुसरी म्हणाली, घोकणे वाईट, म्हणून नावे बदला. ती पूर्वीची मुले नुसती घोकत होती काय?

पाढे आठवा. मराठी मूल 'दोन एके दोन' म्हणत नाही, 'बे एके बे' म्हणते. पुढे दुणे, त्रिक, चोक, पंचे, सक, सत्ते किंवा साती, नव्वे. आता चाळिशीतली नावे शेजारी ठेवा: बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस. 'बे' तोच, 'पंचे' तोच, 'सत्ते' तोच. त्रिकातला 'त्रि' त्रेपन्न, त्रेसष्ठमध्ये बसला आहे आणि चोकातला 'चो' चोवीस, चोपन्नमध्ये. नव्व्याण्णवमधला पहिला तुकडा 'बे नव्वे अठरा'मध्ये मुलाने शेकडो वेळा तोंडातून काढलेला असे. उरलेले पत्ते पुरवत: एक्का एक्केचाळीस, एक्कावन्न, एक्काहत्तरमध्ये, छक्की छत्तीस, छप्पन्नमध्ये, सत्ती, अठ्ठी सत्तावीस, अठ्ठाविसात. मराठी संख्यानावांची फुटकळ वाटणारी रूपे ही खरे तर पाढ्यांची आणि खेळांची भाषा आहे. ज्या मुलाच्या तोंडात ती भाषा होती, त्याला बेचाळीस हा नवा शब्द नव्हता. त्याने तो जोडला होता. जोडताना त्याला कुणी व्याकरण सांगितले नाही, पण आमच्या इमारतीतल्या मुलीने 'एकोण म्हणजे नऊ' हे जसे स्वतः शोधले, तसेच त्यानेही शोधले असणार.

सगळीच नावे अशी सुटतात असा माझा दावा नाही. सेहेचाळीस, शहात्तर यांना मला आधार सापडलेला नाही. उजळणीत छडी होती, भीती होती, न समजता केलेली घोकंपट्टीही होती. तिची वकिली मला करायची नाही. माझ्या आजोबांच्या उजळणीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे होते. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै होते, तोवर बाजारात उभे राहायला हे पाढे लागत. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, मागोमाग वजनमापे दशमान झाली आणि पावकी-निमकी अभ्यासक्रमातून ओसरली. फारसे कुणी रडले नाही, ते बरोबरच होते. जगच बदलले होते, त्याच्यापाठोपाठ पुस्तक बदलले. शाळेतल्या सुधारणेचा हा सर्वांत निरोगी प्रकार.

साध्या पाढ्यांचे तसे झाले नाही. ते पुस्तकात राहिले, पण पाठांतराचा मान हळूहळू गेला. २००५ च्या राष्ट्रीय आराखड्यानंतर आणि शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाल्यावर ज्ञानरचनावाद हा शब्द प्रशिक्षणांतून सर्वत्र पोचला. शाळेच्या फरशीवर आकडे रंगले, बिया आणि काड्या आल्या. हे सगळे चांगलेच होते. मुलाने दहा काड्यांचा गठ्ठा बांधून दशक समजून घेणे हे कोणत्याही छडीपेक्षा चांगले. पण काड्यांचा गठ्ठा 'दशक' समजावतो, 'बावीस' समजावत नाही. चार गठ्ठे आणि दोन काड्या यांना बेचाळीस का म्हणायचे, हे काडी सांगू शकत नाही. ते 'बे' सांगतो. एका सुधारणेने आधार सैल केला; पुढच्या सुधारणेला मग डोलारा वाकडा दिसला आणि तिने डोलाराच बदलायला घेतला. मधल्या काळात आधार कुठे गेला, हे कुणी विचारले नाही. मी पाहिलेल्या पहिली-दुसरीच्या एकाही पुस्तकात पाढ्यातला 'बे' आणि बेचाळिसातला 'बे' एका पानावर भेटत नाहीत. दोन पाने जवळ आणली असती तरी निम्मे काम झाले असते.

आता ज्यांनी आरडाओरडा केला, त्यांच्याविषयी. डोंबिवलीत २०१७ च्या फेब्रुवारीत नव्वदावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. आदल्या वर्षीचे पिंपरीचे संमेलन कितवे, असे मी त्या मांडवाबाहेर एका ओळखीच्या गृहस्थांच्या नातवाला विचारले. त्याने आजोबांकडे पाहिले. आजोबा म्हणाले, "एटी नाइन्थ." नातवाला एकोणनव्वदावे हा शब्द सांगावा, असे त्यांनाही वाटले नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या पट्ट्यात मराठी घरांतली बहुतेक मुले आता इंग्रजी माध्यमात किंवा सेमी इंग्रजीत आहेत, आणि सेमी इंग्रजीत गणित इंग्रजीतच असते. भाजीवाल्याने 'पंचेचाळीस' म्हटले की ही मुले आईकडे बघतात आणि आई 'फॉर्टी फाइव्ह' सांगते. मोबाइलचा नंबर मराठीत सांगणारा तरुण मला कैक वर्षांत भेटलेला नाही. लोकलच्या वेळा तेवढ्या अजून मराठीत टिकून आहेत. 'आठ बेचाळीसची गेली का?' असे विचारणाऱ्यांत माझ्याच वयाची माणसे अधिक असतात, ही गोष्ट वेगळी.

म्हणजे २०१९ मध्ये वर्तमानपत्रांना संतापून पत्रे लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांच्या घरातल्या मुलांना त्या पुस्तकाचा काही उपद्रव नव्हता आणि उपयोगही नव्हता. ते ज्यांच्यासाठी होते, ती मुले मुरबाड-शहापूरच्या जिल्हा परिषद शाळांत होती, आमच्या शहरांच्या पालिका शाळांत होती. त्यांतली कितीतरी ठाकर, कातकरी, वारली घरांतली, घरी प्रमाण मराठी न बोलणारी. 'सत्त्याण्णव' त्यांच्या जिभेला दुप्पट परका. त्यांच्या वर्गात 'वीस एक' आल्यावर काय झाले? चुका कमी झाल्या का? जुन्या नावांकडे जाताना मुले अडखळली का? दोन्ही नावे एकत्र शिकवल्याने गोंधळ वाढला की घटला? मी त्या दिवसांतली जी पत्रे, जे लेख आणि ज्या मुलाखती जपून ठेवल्या आहेत, त्यांत प्रत्येकाला मत आहे. वर्गात बसून मोजलेला एकही आकडा त्यांत मला सापडत नाही. गणिताच्या पुस्तकावरचा वाद, आणि त्यात आकडाच नाही.

कोठारी आयोगाच्या अहवालानंतर, २७ जानेवारी १९६७ रोजी बालभारती स्थापन झाली. तिचे पूर्ण नाव महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ. निर्मिती आणि संशोधन, दोन्ही शब्द नावातच आहेत. निर्मिती तिने मोठी केली. स्वस्त, नेटकी पुस्तके खेड्यापाड्यांत पोचवली, हे ऋण महाराष्ट्रातल्या कुणीही नाकारू नये. पण संशोधन हे वाचकाच्या हाती येईल असे हवे. एखादा शब्द बदलायचा तर आधी काही शाळांत दोन वर्षे चालवून पाहावा, मुलांनी काय लिहिले ते छापावे, आणि मग राज्यभर न्यावा. असे असते तर नारळीकरांना वाहिन्यांवर एकट्याने उभे राहावे लागले नसते. त्यांच्या बाजूने मुलांच्या वह्या बोलल्या असत्या. किंवा विरुद्ध बोलल्या असत्या, तेही चालले असते.

हे काम कसे करतात हे पाहायला नॉर्वेला जायची गरज नाही. २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत जो भाग आमच्याच ठाणे जिल्ह्यात होता, त्या बोर्डीला १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाई गिजुभाई बधेकांच्या बरोबर भावनगरला माँटेसरी पद्धत पचवून आल्या होत्या. पण वारली पाड्यातली मुले शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच पाड्याच्या अंगणात नेली आणि त्यातून अंगणवाडी उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मोठ्या मुलांसाठी शाळा गुरांमागे कुरणात गेली, ती कुरणशाळा. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे आले. मला यात कौतुक वाटते ते त्या पायरीक्रमाचे: आधी मुलाशेजारी बसायचे, मग पद्धत बदलायची, मग लिहायचे. आपल्याकडे आता आधी निर्णय निघतो, मग वाद होतो, आणि मुलाशेजारी बसायला कुणाला सवड उरत नाही.

२०२५ मध्ये पहिलीचा नवा अभ्यासक्रम आला, तेव्हाही हेच झाले. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, १७ जूनला तो सुधारला गेला, २९ जूनला मागे घेतला गेला. तो विरोध योग्य होता असेच माझे मत आहे. पण त्या अडीच महिन्यांत पहिलीच्या मराठीच्या आणि गणिताच्या पुस्तकांत प्रत्यक्ष काय आहे, यावर दोन पाने लिहिलेली मी कुठे वाचली नाहीत. भाषेचा अभिमान आपल्याला चट्कन जागवता येतो. भाषेचे पुस्तक उघडायला मात्र हात जड होतो.

आमच्या इमारतीतल्या त्या मुलीबरोबर मी मध्यंतरी काही रविवार पत्ते खेळलो. खेळताना एक्का, छक्की, सत्ती म्हणायचे, इंग्रजी नाही, एवढीच अट. मग एकदा कागदावर चाळीस ते पन्नास लिहून बेच्या पाढ्याशेजारी ठेवले आणि गप्प बसलो. तिने थोडा वेळ पाहिले, 'बे'भोवती पेन्सिलीने गोल केला, मग 'पंचे'भोवती. 'सेहे'पाशी ती अडली. "हा कुठला?" मलाही सांगता आले नाही. एकोणपन्नास तिने बरोबर लिहिले, पण आधी पन्नास लिहून, एकाने मागे येऊन. नंतर ती पाढ्याकडेच बघत राहिली.

"काका, बे म्हणजे दोन, तर आपण बे पोळ्या का नाही म्हणत?"

मी द्वा आणि प्राकृत असे काहीतरी सांगायला सुरुवात केली. तिने ऐकले नाही.

"दुसऱ्या मजल्यावरच्या बा म्हणतात की. बे रोटली."